समुद्राचं नंतर बघू, आधी ओलीचा बंदोबस्त

अमळनेरच्या एका ताईंनी विचारलंय. मिस्टरांची केंद्र सरकारी नोकरी, अंदमानात पोर्ट ब्लेअरला तीन वर्षांसाठी बदली, जूनमध्ये हजर व्हायचंय. घरात चौथीतली मुलगी, दीड वर्षाचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. सामान काय न्यायचं, ज्वारी मिळते का, शाळेचं कसं, दवाखान्याचं कसं, असे बरेच प्रश्न आहेत. आणि सासूबाईंनी ऑर्डर आल्यापासून एकच धरलंय: "आते कसं व्हई वं माय, चहूकडे पाणी!"

ताई, मी मूळची चोपडा तालुक्यातली. नोकरीची बरीच वर्षं पोर्ट ब्लेअरला शाळेत शिकवण्यात गेली, निवृत्तीनंतर जळगावला असते. आपल्या भागातून तिकडे बदलीवर जाणाऱ्या घरांचे फोन अजून येतात, आणि प्रत्येक जण पहिला प्रश्न समुद्राचा विचारतो. लाटा, त्सुनामी, मगरी, बोट. खरं सांगू? समुद्र कुणाच्या अध्यात-मध्यात नसतो. माणूस बेजार होतो तो ओलीने आणि पाच वाजता पडणाऱ्या अंधाराने. या दोन गोष्टींची तयारी करून गेलेली घरं दिवाळीपर्यंत रुळतात. बाकीची तीन वर्षं सामान बांधून बसल्यासारखी काढतात.

ओलीचं आधी. पोर्ट ब्लेअरला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या जळगाव जिल्ह्यात तो सातशेच्या आगेमागे. 'अंदमानात मान्सून दाखल' ही बातमी मे महिन्यात पेपरात वाचून आपण बियाण्याच्या चौकशीला लागतो ना, त्यातला पाऊस तिकडे तेव्हाच सुरू झालेला असतो. तो सप्टेंबरपर्यंत चालतो, आणि लगेच ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्येकडचा दुसरा येतो. कोरडे म्हणावेत असे महिने जानेवारी ते एप्रिल, बस. तापमान साधारण २३ ते ३२ अंशांत फिरतं. भुसावळच्या ४५ अंशांत वाढलेल्या माणसाला हा आकडा ऐकून हसू येतं. तिथे पोचल्यावर कळतं की घाम येतो आणि वाळतच नाही.

आपली सगळी गृहस्थी कोरड्या उन्हाच्या भरवशावर उभी आहे. गच्चीवर टाकलं की वाळलं, डब्यात भरलं की वर्षभर टिकलं. तिकडे हा हिशेबच चालत नाही. जूनच्या शेवटी कपाट उघडा: चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट-पांढरी बुरशी, लग्नातल्या शालूची जर काळवंडलेली, फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला. पाकिटं न चाटताच बंद होतात. काडेपेटी तीन काड्या खाऊन चौथीला पेटते. मिठाच्या बरणीत तळाला पाणी. प्रमाणपत्रांना टाचणी किंवा स्टेपलरची पिन असेल तर तिथे गंजाचा तांबडा डाग पडून कागद फाटतो, म्हणून निघायच्या आधी एका दुपारी बसून सगळ्या पिना काढून टाका. जन्माचे दाखले, मुलीचा शाळेचा दाखला, जमिनीचे उतारे, पॉलिसी, हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवायचं. पुड्यांतले दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात.

कपाटासाठी तिकडची जुनी युक्ती म्हणजे तळाशी एक छोटा बल्ब, कपड्यांपासून हातभर लांब, जाळीच्या आड. हल्लीचे एलईडी बल्ब इथे कामाचे नाहीत, त्यांना ऊब नसते. तारेचा पिवळा बल्बच लागतो आणि तो मिळाला तर जास्तीचे घेऊन ठेवा. घरात एसी असेल तर त्यातलं 'ड्राय' बटण दिवसातून तासभर चालवा, कपाटं उघडी टाकून. लोखंडी कपाट इथून नेऊच नका. न्यायचंच असेल तर खाली फरशीचे तुकडे द्या आणि भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, नाहीतर तळ गंजून झडतो.

आणि गादी. आपण कापसाच्या मुलखातले, लेकीला गादी-उशा भरून देण्याची आपली हौस मोठी. ती गादी तिकडे नेलीत तर दोन महिन्यांत ओल पिऊन दगड होते, वर वास. फोमची किंवा काथ्याची तिथेच घ्या. गोधड्या पातळ, दोनच. बाळाचे कपडे मात्र भरपूर न्या, पातळ सुती, कारण पावसात दोन-दोन दिवस वाळत नाहीत. घडी करून ठेवण्याआधी प्रत्येक कपड्यावर इस्त्री फिरवायची. कडक घडीसाठी नाही, आतली ओल काढण्यासाठी.

आता अंधार. सगळ्या देशाचं घड्याळ एक, पण पोर्ट ब्लेअर अमळनेरच्या पूर्वेला जवळजवळ १८ रेखांश आहे. एका रेखांशाला चार मिनिटं धरा, म्हणजे तिथला दिवस आपल्यापेक्षा सुमारे ७० मिनिटं आधी सुरू होतो आणि आधीच संपतो. जूनमध्ये पाचच्या आत उजाडतं. आपल्याकडे जूनमध्ये सव्वासातपर्यंत उजेड असतो, तिकडे पावणेसहाला दिवा लावायची वेळ. डिसेंबरच्या सुरुवातीला तर पाचलाच सूर्य बुडालेला. दुपारी चहा घेऊन जरा आडवं झालं आणि उठून पाहिलं तर काळोख, याने नवख्या बायकांना फार उदास वाटतं. नवरा ऑफिसात, बाहेर पाऊस, घरात अंधार, आणि अमळनेरला त्या वेळी ओट्यावर गप्पा रंगलेल्या असतात. "इथे करमत नाही" म्हणून रडणारे बहुतेक फोन मला संध्याकाळी साडेपाच ते सात या वेळेतच आलेत.

यावर उपाय एकच, दिवस अलीकडे ओढा. पहाटे साडेचारला उठायचं, फिरणं-बाजार-धुणं सकाळी आठच्या आत, जेवण संध्याकाळी सात, साडेनऊला झोप. तिथल्या शाळा-कचेऱ्याही सकाळी लवकरच लागतात. मुलं आठवड्यात जुळवून घेतात. सासूबाई तर पहाटे उठणाऱ्याच असतील, त्यांना हे सगळ्यात आधी जमेल. संध्याकाळसाठी घराबाहेरचं काहीतरी ठरवून ठेवा: मुलीचा क्लास, शेजारी, देऊळ, काहीही. पाच ते सात एकटं बसायचं नाही.

खाण्याचं विचारलंत. ज्वारी तिथल्या दुकानात सहज मिळेल असं धरून चालू नका. भात आणि गहू यांवर तिथला बाजार चालतो. नेणार असाल तर धान्यच न्या, पीठ नको. दमट हवेत पिठाला जाळी धरते, आणि जुन्या पिठाची भाकरी थापताना चिरते ते तुम्हाला सांगायला नको. ज्वारी आणि कळण्याच्या भाकरीचे उडीद निवडून, दोन-तीन किलोच्या पिशव्या करून आधी दोन-तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, किडीची अंडी मरतात. मग घट्ट डब्यात. घरगुती छोटी चक्की असेल तर ती सामानात पहिली टाका. सोफा राहिला तरी चालेल. काळा मसाला आणि लाल तिखट फ्रीजमध्ये.

बिबड्या (ज्वारीचे पापड), कुरडया, पापड इथूनच, आणि लहान लहान पुड्यांत. एक मोठा डबा भरून नेला की तो उघडताक्षणी सगळ्यांना हवा लागते. भाजलेली बिबडी ताटात ठेवून तुम्ही दाराशी कोण आलंय बघायला गेलात तर परत येईपर्यंत ती रुमालासारखी लवते. शेवभाजीची शेवही तशीच, ऐनवेळी टाकायची. तिथे वाळवण घालायच्या फंदात पडू नका, जानेवारी-फेब्रुवारीतही भरवसा नाही. भरीत होतं, पण बामणोदच्या वांग्याची आणि तुरीच्या काड्यांवरच्या धुराची आठवण काढत खायचं नाही. कोथिंबीर महागली की तिथे लोक बर्मा धनिया वापरतात, लांबट काटेरी पानांचा, वास कोथिंबिरीसारखाच पण दमदार. ठेच्यात तो फार छान लागतो. कुंडीत लावा, सावलीत बिनबोभाट वाढतो.

नारळ, केळी, मासे तिथले. कांदा-बटाटा, डाळी आणि बराचसा भाजीपाला मेनलँडवरून येतो. तिथे देशाच्या मुख्य भूमीला 'मेनलँड' म्हणतात, तुम्हीही महिनाभरात म्हणायला लागाल. समुद्र खवळला, जहाज लांबलं की बाजारात भाव चढतो, कधी वस्तूच नसते. म्हणून घरात तीन आठवड्यांचा किराणा कायम हवा. गॅसची दुसरी टाकी भरलेली हवी, सासूबाईंची बीपी-शुगरची औषधं तीन महिन्यांची हवीत. खान्देशातल्या जुन्या बायकांना साठवण शिकवावी लागत नाही, फक्त ती कोरडी कशी ठेवायची एवढंच नवीन.

पाण्याचं ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. एवढा पाऊस, पण शहराला मुख्य पुरवठा धनीखाडी धरणातून होतो आणि साठा तुटपुंजा. डोंगर उताराचे, ओढे आखूड, पाणी धो-धो येतं आणि समुद्रात जातं. मार्च-एप्रिलमध्ये नळ काही दिवसांआड येतो. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावातून जाणाऱ्यांना यात नवल नाही. घर बघताना टाकी केवढी आहे आणि छपराचं पाणी साठवायची सोय आहे का, एवढं घरमालकाला पहिल्यांदा विचारा. भाड्याचं बोलणं नंतर.

घर कुठे? शहर सगळं चढउताराचं आहे. सखल, खाडीलगतच्या जागेपेक्षा टेकडीवरचं घर हवेशीर आणि सुरक्षित, पण सासूबाईंचे गुडघे लक्षात घ्या. मी म्हणेन, उंचावर पण रस्त्याला लागून, पायऱ्या कमीत कमी. दिवसा एकदा आणि पावसात एकदा बघा. भिंतीचा खालचा हातभर भाग हाताने चाचपून बघा, रंग फुगलेला असेल तर पुढे चला. सरकारी क्वार्टर मिळत असेल तर फार चिकित्सा न करता घ्या.

भूकंपाचं खरं ते सांगते. तो भाग भूकंपाच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात मोडतो. लहान धक्के अधूनमधून बसतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत सर्वांत भयंकर हानी निकोबार बेटांची झाली. पोर्ट ब्लेअरच्या आजूबाजूलाही जमीन खचून भातशेतं खाऱ्या पाण्याखाली गेली, सिप्पीघाटला त्या खुणा दिसतात. नियम साधा आहे: समुद्राजवळ असताना जोराचा किंवा लांबलेला धक्का बसला तर भोंग्याची वाट न बघता उंचावर जायचं आणि सांगेपर्यंत खाली यायचं नाही. हे मुलीला एकदा नीट समजावा. सासूबाईंना टेकडीवरचं घर दाखवून सांगा, बस. मगरी आहेत, खाऱ्या पाण्यातल्या, खाड्यांत आणि काही किनाऱ्यांवर; जिथे पाटी लावलीय तिथे पाण्यात उतरायचं नाही. पाटी वाचणाऱ्याला मगर खात नाही.

मगरीपेक्षा घोण, म्हणजे मोठी गोम, बघा. तिकडच्या घोणी वीतभर असतात आणि चावली की रात्रभर कळा. बूट झटकून घालायचे, पावसात बाळाला जमिनीवर झोपवायचं नाही. पायाला जखम असेल तर चिखलात, साचलेल्या पाण्यात अनवाणी जायचं नाही, कारण लेप्टोस्पायरोसिस तिथला जुना आजार आहे. ताप दोन दिवस राहिला, अंग आणि पोटऱ्या दुखत असल्या, तर गोळी घेऊन घरी बसू नका, डॉक्टरला दाखवा. सगळ्यात जास्त पिडतं ते मात्र गजकर्ण. सैल सुती कपडे, आतले कपडे दिवसातून दोनदा बदलणं, अंघोळीनंतर अंग खरोखर कोरडं करणं. मेडिकलमधून आपल्या मनाने स्टेरॉइडचं मलम आणून लावू नका, ते चिघळतं.

मोठं सरकारी रुग्णालय जी. बी. पंत, २०१५ पासून तिथे मेडिकल कॉलेजही आहे. रोजचं दुखणं-खुपणं नीट निभतं. काही मोठ्या उपचारांसाठी चेन्नई किंवा कोलकाता गाठावं लागतं, आणि ऐनवेळचं विमान तिकीट कंबर मोडतं. म्हणून दोन माणसांच्या जाण्या-येण्याएवढी रक्कम बाजूला ठेवा आणि तिला हात लावू नका. सासूबाईंचा मोतीबिंदू, दात, साखर, जे काही आहे ते जळगावला उरकूनच निघा.

शाळेची काळजी करू नका. केंद्रीय विद्यालयं आहेत, सीबीएसईच्या इतर शाळा आहेत, सत्र एप्रिलपासून, त्यामुळे जूनमध्ये मुलीला थोडा मागचा अभ्यास भरून काढावा लागेल. मराठी शाळेत नसणार. घरी रोज एक पान वाचून घ्या, नाहीतर परत येईपर्यंत ती मराठी हिंदीच्या वळणाने बोलेल. इंटरनेट पूर्वी उपग्रहावर चालायचं, सासरी एक फोटो पाठवायला रात्र जायची. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल सुरू झाली आणि ते दुःख संपलं.

आता माणसांविषयी. तिथे जवळजवळ प्रत्येक जण कुठून तरी आलेला आहे: बंगाली, तमिळ, तेलुगू, मल्याळी, छोटा नागपूरकडून मजुरीला आलेल्यांची कुटुंबं ज्यांना सगळे 'रांची' म्हणतात, मायाबंदरकडे करेन लोक. बोलतात हिंदी, आणि भुसावळ-बऱ्हाणपूरकडची आपली हिंदी तिथे मजेत चालते. काही घरं जुन्या कैद्यांच्या वंशातली आहेत. "तुमचे आजोबा कशासाठी आले होते?" असं कुणालाही विचारायचं नाही, आपल्या लोकांना ही खोड आहे. सेल्युलर जेल बघायला जाल तेव्हा सावरकरांची कोठडी सगळे दाखवतील, पण मुलीला हेही सांगा की १८५८ मध्ये आपल्या सातपुड्यात आंबापाणीला लढलेल्या भिल्लांचे नायक भीमा नाईक यांनाही काळ्या पाण्यावर पाठवलं, आणि ते तिथेच वारले.

मराठी मंडळी गणपतीला एकत्र येतात, जरूर जा. पण फक्त मराठी घरांतच वावरू नका. अडीनडीला धावून येते ती शेजारची बंगाली काकू. कानबाईच्या सणाचे रोट तिला द्या, दुर्गापूजेला तिच्याबरोबर मंडपात जा. जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या ताफ्याने जातात, तिथे फोटो काढणं, थांबणं, खाऊ देणं गुन्हा आहे. पाहुणे ऐकत नाहीत, त्यांना गाडीत बसायच्या आधीच दम भरा.

आणि पाहुणे येणार. तुम्ही बेटावर राहता म्हटल्यावर चुलत-मावस सगळे उगवतात. त्यांना सांगा: जानेवारी ते मार्च या, चक्कीसाठी ज्वारी आणा, पाणी जपून वापरा. हॅवलॉकहून (२०१८ पासून स्वराज द्वीप) बोटीने परतायचा दिवस आणि मेनलँडच्या विमानाचा दिवस एक ठेवू नका. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे शेकडो पर्यटक त्या बेटांवर अडकून पडले होते, आणि साधं खराब हवामान असलं तरी बोटी रद्द होतात. बोट लागणाऱ्यांनी गोळी बोटीत बसायच्या अर्धा तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. तुम्ही आयलँडर कार्डासाठी पात्र असाल तर पहिल्या महिन्यातच अर्ज करा, रहिवाशांना बोटीचं भाडं बरंच कमी पडतं.

जायचं कसं? नवजीवन एक्सप्रेस तुमच्या अमळनेरवरूनच चेन्नईला जाते. चेन्नईत एक रात्र मुक्काम धरा, दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान, दोन-अडीच तासांत पोर्ट ब्लेअर. तिकिटावर किंवा पाटीवर श्री विजयपुरम दिसलं तर गोंधळू नका, सप्टेंबर २०२४ मध्ये शहराचं नाव बदललंय. चेन्नईहून जहाजही आहे, पण तीन दिवस लागतात आणि जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला. बाळाला आणि म्हातारीला घेऊन त्या दिवसांत मुळीच नको. सामान मालवाहू जहाजाने पाठवाल तर पोचायला काही आठवडे धरा आणि पहिल्या महिन्याचं सगळं हातातल्या बॅगेत ठेवा. स्कूटर नेणार असाल तर जळगाव आरटीओची एनओसी आधी काढा.

माझं ऐकाल तर जूनमध्ये मिस्टरांनी एकट्याने जावं. घर शोधावं, क्वार्टरचा अर्ज करावा, पावसात भिंती बघाव्यात. तुम्ही मुलांना घेऊन पंधरा-वीस दिवसांनी, म्हणजे मुलीची शाळा फार बुडणार नाही. सासूबाईंना लेकीकडे किंवा दुसऱ्या मुलाकडे डिसेंबरपर्यंत राहू द्या आणि जानेवारीत विमानाने न्या, कोरड्या हवेत, घर लागलेलं असताना. पावसात पहिलं पाऊल ठेवलेली म्हातारी माणसं आठवड्यात परतीचं तिकीट मागतात, जानेवारीत आलेली आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीया) शेजारणींची नावं पाठ करतात. आखाजीला माहेरी यायचं असेलच तुम्हाला. ती तिकिटं दिवाळी झाली की लगेच काढा. एप्रिल-मेमध्ये सगळं बेट मेनलँडला निघतं आणि भाडी दुप्पट होतात.